पिवळ्या पट्ट्यावरची पिशवी

पीठ काही केल्या फुगत नव्हतं.

सुप्रभाबाई परुळेकरांनी सकाळपासून चार वेळा डब्याचं झाकण उघडून पाहिलं, आणि चारही वेळा आतलं पीठ सुतकात बसलेल्या बाईसारखं गप्प बसलेलं दिसलं. तांदूळ चांगले होते, उडीद चांगले होते, चिमूटभर मेथ्याही घातल्या होत्या. हात तर सुप्रभाबाईंचाच होता, ज्याच्या आंबोळ्या खाऊन हॅथर्सलीच्या हॉस्पिटलातल्या अर्ध्या मराठी डॉक्टरांच्या पँटी घट्ट झाल्या होत्या. पण घर गरम ठेवणारा बॉयलर सोमवारी बंद पडला होता, प्लंबर गुरुवारी उगवणार होता, आणि आज बुधवार. त्यात यॉर्कशरमधला फेब्रुवारी. स्वयंपाकघरात माणसाचं नाक फुगत होतं, पीठ नाही.

"अगं, अक्काला एक दिवस ब्रेड दिला तर काय बिघडेल?" श्रीकांतराव मफलरच्या आतून म्हणाले.

"तुमच्या बहिणीला ब्रेड द्या, आणि मग वेंगुर्ल्याला तोंड दाखवायला तुम्हीच जा. मी नाही येणार."

श्रीकांतराव परत मफलरमध्ये गेले. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. माणसाच्या आतलं सगळं दिसत असूनही काही बोलायचं नाही, ही सवय त्यांना तिथेच लागली होती.

गोष्ट ब्रेडची नव्हती. सहा वर्षांपूर्वी सुनीतीवन्सं इथे आल्या होत्या, तेव्हा पहिल्याच सकाळी तव्यावरच्या आंबोळीला बोटानं दाबून म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं आहे हो तुमच्या विलायतेत सुप्रभा, पण पीठ काही आंबत नाही." एवढंच. पण नणदेचं वाक्य माशाच्या काट्यासारखं असतं. भाताचा घास खाऊन उतरत नाही. आज साडेअकराच्या विमानानं वन्सं लंडनहून इथे येणार होत्या, आणि आज पीठ फुगायलाच हवं होतं.

तेव्हा सुप्रभाबाईंना वेटिंग रूम आठवली.

हॅथर्सलीच्या विमानतळाला लागून बसवाल्यांची एक वेटिंग रूम होती. तिथल्या बाकाखाली इतका लांबलचक रेडिएटर होता की मुलाच्या, उदयच्या, इथल्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी, भर जानेवारीत, सुप्रभाबाईंनी तिथे बसून आधी कोट काढला होता, मग स्वेटर काढला होता, आणि मग लाज वाटून थांबल्या होत्या. विमान येईपर्यंत तासभर तर जाणार. डबा त्या रेडिएटरवरच्या बाकावर ठेवला, तर वन्संच्या स्वागताला पीठच उठून उभं राहील.

त्यांनी पिठात चमचाभर साखर आणि कोमट पाणी घातलं, डब्याचं झाकण दाबून बसवलं, झाकण हलू नये म्हणून वरून सुतळी बांधली, डबा जुन्या शालीत गुंडाळला, आणि उदयच्या शाळेतल्या निळ्या स्पोर्ट्स बॅगेत ठेवून चेन ओढली.

"उदयनं सांगितलंय ना, आज तिथे येऊ नका म्हणून?" गाडी काढताना श्रीकांतरावांनी विचारलं.

"मला बघायला येऊ नका म्हणालाय. मी माझ्या नणदेला आणायला चाललेय. तो मधे आला तर त्याची चूक."

उदय येऊ नका म्हणाला होता, त्याला कारण होतं.

हॅथर्सलीचा विमानतळ म्हणजे दिवसाला सात विमानं. त्यातली दोन धुक्यात वाट चुकून दुसरीकडेच उतरायची. पण गेल्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटनं खास या विमानतळासाठी एक कायदा केला. विमानतळाच्या समितीनं स्वतःचे पोलीस नेमावेत, त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घ्यावी, आणि विमानतळाच्या हद्दीत त्यांना खऱ्या पोलिसाचे सगळे अधिकार असावेत. फक्त हद्दीत. कुंपणाबाहेर पाऊल पडलं की तोच पोलीस म्हणजे नुसता टोपी घातलेला माणूस.

असे सहा पोलीस नेमले, आणि त्यातला एक उदय परुळेकर. फार्मसीचा कोर्स दुसऱ्या वर्षी सोडलेला, मग चार वर्षं एका गोदामाच्या दारावर उभा राहिलेला, सव्वीस वर्षांचा उदय. ती चार वर्षं सुप्रभाबाईंनी महाराष्ट्र मंडळात कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. "आमचा जयंत कन्सल्टंट झाला. तुमचा उदय सध्या काय करतो?" हे किरपेकरांच्या वैजयंतीबाईंनी दर गणपतीला विचारायचं, आणि सुप्रभाबाईंनी मोदकाकडे बघत "बघतोय" म्हणायचं.

म्हणून कायद्याचे कागद घरी आले, तेव्हा सुप्रभाबाईंनी ते देवासमोर ठेवले. उदय महिनाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून कायदा आणि विमानतळाचे नियम मोठ्यानं पाठ करायचा आणि सुप्रभाबाई पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, इंग्रजी अक्षर लावताना त्यांना अजून घाम यायचा. पण कानाला शाळा लागत नाही. उदय कुठे अडखळला की लाटणं वर व्हायचं. "काल इथे आणखी काहीतरी होतं. ते बसस्टॉपचं. खाल्लंस तू." आणि खरोखरच त्यानं खाल्लेलं असायचं.

आता अडचण एकच होती. समितीवरच्या कौन्सिलर मिसेस ऑग्डन. पंचाहत्तरीची, काठी टेकत चालणारी आणि काठीपेक्षा ताठ बाई. त्यांनी पेपरातच सांगून टाकलं होतं की सात विमानांना सहा पोलीस, हा शुद्ध चावटपणा आहे. पहिल्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार, आणि तमाशा दिसला तर पुढच्या बैठकीत सहाही जणांना घरी पाठवणार. तो पहिला दिवस आज होता.

"आई, आज काही गडबड झाला ना, तर माझा नोकरी गेला," सकाळी टोपी घालताना उदय म्हणाला होता. इथेच जन्मलेला मुलगा. त्याच्या मराठीत स्त्री-पुरुष हा भेद कधीच नव्हता.

"काही होत नाही," त्याची दृष्ट काढत सुप्रभाबाई म्हणाल्या होत्या.

वेटिंग रूममध्ये त्या शिरल्या, तेव्हा रेडिएटर मस्त तापलेला होता. फरशीवर मात्र आज एक नवीन प्रकार दिसला. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत टळटळीत पिवळा पट्टा मारलेला. कायद्याला जोडलेला नकाशा ज्यानं काढला, त्यानं ही खोली कधी पाहिलीच नव्हती, आणि त्याची रेघ बरोबर खोलीच्या मधून गेली होती. पट्ट्याच्या डावीकडे विमानतळ, उजवीकडे काउंटी, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांची हद्द. नव्या पोलिसांचा सार्जंट हॅलिवेल इतका काटेकोर, की त्यानं पट्टा बाकावरूनसुद्धा नेला होता.

रेडिएटरचा सगळ्यात गरम भाग बरोबर त्या पट्ट्याखाली होता. सुप्रभाबाईंनी हात लावून खात्री केली आणि बॅग तिथे बाकावर टेकवली. लोक येत होते, बाक भरत होता. वन्सं आल्या की त्यांना दोन मिनिटं तरी उबेला बसायला जागा हवी. म्हणून सुप्रभाबाईंनी बॅगेशेजारी हातमोजे ठेवले, त्यापलीकडे छत्री आडवी टाकली, आणि तीन माणसांची जागा धरून निश्चिंत मनानं बाहेर पडल्या. नाटकाला, लग्नाच्या पंगतीला, एसटीत जन्मभर त्यांनी अशीच जागा धरली होती. धरलेल्या जागेला कुणी हात लावत नाही, हा त्यांच्या मते जगाचा नियम होता.

लंडनचं विमान पाऊण तास उशिरा होतं. श्रीकांतराव गाडीत पेपर वाचत बसले. सुप्रभाबाई मेन हॉलमधल्या फुलवाल्याच्या स्टॉलमागे उभ्या राहिल्या आणि डॅफोडिल्सच्या आडून त्यांनी आपल्या मुलाला डोळे भरून पाहिलं. निळा कोट, चांदीची बटणं. एका गोऱ्या म्हातारबाबांना तो टॉयलेटचा रस्ता दाखवत होता. काय त्याचा हात! जणू आर्क्टिककडे जहाजं पाठवतोय.

असा पाऊण तास गेला. तेवढ्यात भोंगा वाजायला लागला.

वेटिंग रूममध्ये झालं होतं असं. एका बाईंचा कुत्रा त्या निळ्या बॅगेजवळ गेला, वास घेतला, आणि शेपूट पायात घालून मागे सरला. बाईंनी वाकून पाहिलं. बॅग बाकावर बेवारस, शेजारी हातमोजे असे ठेवलेले, की जणू कुणी घाईत पळालंय. आणि बॅग हळूहळू वर येत होती.

"ती श्वास घेतेय!" बाईंनी सार्जंट हॅलिवेलला सांगितलं.

सार्जंट आला. त्यानं कान दिला. आतून "फुस्स" असा आवाज आला. सार्जंटनं कान परत घेतला.

दहा मिनिटांत अख्खा विमानतळ बाहेर. पायलट, प्रवासी, चहावाली, फुलवाला, सगळे पार्किंगमध्ये कुडकुडत उभे. दोरखंड बांधले. वेटिंग रूमची पुढची भिंत सगळी काचेची, तेव्हा आतली बॅग सगळ्यांना दिसत होती.

सुप्रभाबाईंनाही दिसली. त्या "अहो, थांबा" म्हणायला तोंड उघडणार, तोच मागून ओळखीचा आवाज आला.

"सुप्रभाताई! तुम्ही पण इथेच?"

वैजयंतीबाई किरपेकर. फरची टोपी, फरचे बूट. मधे दिसत होतं तेवढंच काय ते वैजयंतीबाईंचं स्वतःचं. "जयंत कॉन्फरन्सहून येतोय, त्याला घ्यायला आले. काय हो हा प्रकार! कुणीतरी बावळटासारखं सामान टाकून गेलंय. अशा लोकांना इंग्लंडमध्ये घेतातच कशाला?"

आणि सुप्रभाबाईंच्या तोंडून, त्यांना कळायच्या आत, निघून गेलं, "मूर्ख असेल हो मेली कोणीतरी. अगदी अडाणी."

झालं. आता बॅग आपली म्हणायची सोयच राहिली नाही. माणसानं स्वतःला शिव्या द्याव्यात, पण साक्षीदारासमोर देऊ नयेत.

दोराच्या पलीकडे एव्हाना वेगळंच रामायण सुरू झालं होतं. काउंटीच्या पोलिसांची गाडी आली होती आणि त्यातून इन्स्पेक्टर प्रॅट उतरला होता. गलेलठ्ठ, लाल चेहऱ्याचा. नव्या पोलिसांवर त्याचा आधीपासूनच राग.

"बॅग तुमच्या हद्दीत आहे," सार्जंट हॅलिवेल म्हणाला. "पट्ट्याच्या उजवीकडे चेन आहे."

"चेन आमच्याकडे असेल. पण हँडल तुमच्याकडे आहे," प्रॅट म्हणाला. "स्वतंत्र पोलीस हवे होते ना तुम्हाला? पार्लमेंटपर्यंत गेलात ना? मग घ्या!"

"अर्ध्याहून जास्त बॅग काउंटीत आहे."

"फुगतेय ती! आणि फुगतेय तुमच्या बाजूला!"

दोघांनी काचेतून निरखून पाहिलं. खरंच, बॅग आता विमानतळाच्या बाजूला कलत होती.

मिसेस ऑग्डन काठीवर दोन्ही हात ठेवून हे ऐकत उभ्या होत्या. शेजारी पेपरवाला लिहून घेत होता. "म्हणजे एक पिशवी आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "दोन पोलीस दलं आहेत, आणि तिला हात लावायला कुणीच नाही. ठीक आहे. मला जे बघायचं होतं ते मी पाहिलं."

सार्जंटचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, लष्कराची माणसं निघाली आहेत. ती येऊन बॅग जागीच उडवतील."

'उडवतील' हा शब्द सुप्रभाबाईंना बरोबर समजला. पण त्याहून जास्त त्यांना समजला तो मुलाचा चेहरा. उदय दोराजवळ पहारा देत होता आणि काचेतून त्या निळ्या बॅगेकडे टक लावून बघत होता. बॅगेच्या कडेला, अकरा वर्षांचा असताना त्यानंच पांढऱ्या रंगानं काढलेला फुटबॉल होता. त्यानं सावकाश मान वळवली. गर्दीतून नजर फिरवली. वैजयंतीबाईंच्या टोपीमागे लपू पाहणारा आईचा अंबाडा त्याला सापडला.

तो दोराच्या कडेनं चालत आला. तोंड सरळ समोर, पोलिसासारखं. ओठ तेवढे हलत होते.

"आई. हा पिशवी तुझा आहे?"

"असेल."

"आत काय आहे?"

"पीठ."

"कसला पीठ?"

"आंबोळ्यांचं. दुसरं कशाचं? तुझी आत्या येतेय."

उदयनं डोळे मिटले. "आई, मला सार्जंटला सांगायला हवा."

"वेडा आहेस? त्या काठीवाल्या बाईसमोर? पोलिसाच्याच आईनं विमानतळ बंद पाडला म्हटल्यावर तुला ठेवतील? गप्प बस. उडवू देत. डबा गेला तर दुसरा आणू."

"पण मी ओथ घेतला आई. मॅजिस्ट्रेटसमोर. मला माहीत आहे आणि मी बोललो नाही, तर मग मी पोलीस नाही. फक्त टोपी आहे."

सुप्रभाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. फार्मसी सोडली तेव्हा हा मुलगा आठ दिवस खोटं बोलून लायब्ररीत जाऊन बसत होता. ते खोटं त्यांनी एका नजरेत पकडलं होतं. आज त्याच्या चेहऱ्यावर पकडण्यासारखं काहीच नव्हतं.

"तू एक शब्द बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तर आईला वाचवत होता आणि मग घाबरला म्हणतील. मी सांगते. चूक माझी, टोपी तुझी. आणि मला ओळख दाखवू नकोस."

"आई, नको. आई!"

पण सुप्रभाबाई खाली वाकून दोराच्या पलीकडे गेल्या होत्या. नऊवारीत वाढलेल्या बाईला दोराखालून जाणं काय अवघड? वैजयंतीबाई ओरडल्या, "अहो सुप्रभाताई! तिकडे बॉम्ब आहे!"

"बॉम्ब नाही, माझी बॅग आहे!" सुप्रभाबाई मागे वळून, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मीच ती मूर्ख बाई!"

वेटिंग रूमचं दार त्यांनी ढकललं आणि समोर पिवळा पट्टा आला. क्षणभर थांबून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एक पाय डावीकडे, एक पाय उजवीकडे, पट्टा बरोबर मधे, अशा त्या चालू लागल्या. पायात लोकरीचे मोजे, त्यावर चपला, साडीवर श्रीकांतरावांचा जुना ओव्हरकोट.

"थांबवा तिला!" दारातून प्रॅट ओरडला. "हॅलिवेल, तुमच्या हद्दीत आहे ती!"

"तिचा उजवा पाय तुमच्याकडे आहे!" हॅलिवेल ओरडला.

सुप्रभाबाईंनी न थांबता डावा हात वर केला. "दिस साइड, यू नो पॉवर," त्या प्रॅटला म्हणाल्या. मग उजवा. "दॅट साइड, ही नो पॉवर. आय नो द ॲक्ट. फर्स्ट यू टू डिसाइड." आणि दोघं ठरवेपर्यंत बाकाजवळ पोचून त्यांनी बॅगेची चेन ओढली.

सुतळी केव्हाच तुटली होती. "फट्" असा आवाज झाला, झाकण उडून भिंतीवर आपटलं, बाहेर शे-दीडशे माणसं एकदम खाली बसली, आणि डब्यातून पांढरंशुभ्र, जाळीदार, टपोऱ्या बुडबुड्यांचं पीठ सावकाश वर आलं. असं पीठ वेंगुर्ल्यात वैशाखातसुद्धा येत नाही. सुप्रभाबाईंना सगळं विसरून आनंद झाला.

"राइस," त्या म्हणाल्या. "ओन्ली राइस अँड डाळ. टच इट."

सार्जंट हॅलिवेलनं बोट लावलं. वास घेतला. बाहेरच्यांना हात हलवून खूण केली. लोक उठले, कपडे झटकले आणि हसायला लागले. मिसेस ऑग्डन काठी टेकत आत आल्या, मागून पेपरवाला, त्यामागून दोरखंड ओलांडून उदय.

आणि आता गंमत अशी झाली की बॅग कुणालाच नको होती, पण बाई दोघांनाही हवी झाली.

"मॅडम, तुम्हाला काउंटी पोलीस ताब्यात घेत आहेत," प्रॅट छाती काढून म्हणाला. पेपरवाल्यानं कॅमेरा वर केलाच होता. "सार्वजनिक ठिकाणी घबराट."

"माफ करा, हे विमानतळाचं प्रकरण आहे," हॅलिवेल म्हणाला. "नियम अकरा. सामान सोडून जाणं."

"मघाशी तर म्हणालात बॅग काउंटीत आहे!"

"बॅग असेल. बाई आमची."

सुप्रभाबाई अजून पट्ट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी प्रॅटकडे पाहिलं, त्याच्या लाल चेहऱ्याकडे, बेड्यांकडे. मग पलीकडे पाहिलं. पलीकडे सार्जंटच्या मागे उदय उभा होता, तोंडावर घाम, हातात पहिल्या पानापासून कोरी असलेली नोंदवही.

अटकच व्हायची तर परक्याच्या हातून कशाला?

त्यांनी उजवा पाय शांतपणे उचलला आणि पट्ट्याच्या डावीकडे, विमानतळाच्या हद्दीत ठेवला.

"फाइन," त्या म्हणाल्या. "अरेस्ट."

सार्जंटनं उदयला खूण केली. उदय पुढे आला. वही उघडताना पानं फडफडली.

"नाव?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मिसेस सुप्रभा श्रीकांत परुळेकर."

पेपरवाल्याचं पेन थांबलं. मिसेस ऑग्डननी उदयच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला, मग परत बाईंकडे पाहिलं.

"कॉन्स्टेबल," त्या हळूच म्हणाल्या, "या बाईंना तुम्ही ओळखता?"

सुप्रभाबाईंनी उदयकडे डोळे वटारले. नाही म्हण. नाही म्हण, मेल्या.

"होय, मॅडम," उदय म्हणाला. "माझी आई आहे."

मिसेस ऑग्डननी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि तरी तुम्ही तिचं नाव लिहून घेताय?"

"तिनं नियम मोडला, मॅडम. आणि मी शपथ घेतली आहे." त्यानं पेन वहीवर टेकवलं. "पत्ता मला माहीत आहे, पण तो तिनंच सांगायला हवा. आई, पत्ता?"

सुप्रभाबाईंनी पत्ता सांगितला. पोस्टकोडसकट.

"नियम अकरा, पोटकलम दोन," उदय लिहू लागला.

"तीन," सुप्रभाबाई मराठीत पुटपुटल्या. "दोन गाडीचं आहे. सामानाचं तीन."

उदयनं खोडून तीन केलं.

मिसेस ऑग्डननी काठी फरशीवर एकदा आपटली. मग पेपरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "हे लिहा. माझा मुलगा वकील आहे. मी लाल दिवा ओलांडला, तर तो शपथेवर सांगेल की दिवा हिरवा होता. या मुलानं स्वतःच्या आईला सोडलं नाही. असा पोलीस काउंटीत किती जणांनी पाहिलाय?" हे म्हणताना त्यांनी इन्स्पेक्टर प्रॅटकडे अजिबात पाहिलं नाही, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. "पुढच्या बैठकीत मी या दलाच्या बाजूनं बोलणार आहे. आणि सार्जंट, तो पट्टा आधी खोलीच्या बाहेर न्या."

लंडनचं विमान उतरून सुनीतीवन्सं दारात आल्या, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: दोन पोलीस, एक फोटोग्राफर, मधे वहिनी, आणि समोर वही घेऊन भाचा.

"इश्श! श्रीकांता, काय रे हे?" त्यांनी सामानाची गाडी ढकलत येणाऱ्या भावाला विचारलं.

"विशेष काही नाही अक्का," श्रीकांतराव म्हणाले. "उदयचा पहिला दिवस आहे. घरातूनच सुरुवात केलीय त्यानं."

त्या पिठाच्या आंबोळ्या वन्संनी बोटानं न दाबता खाल्ल्या. आठ दिवसांनी टपालानं एक जाड कागद आला. वर विमानतळाचा शिक्का, खाली छापील ताकीद: पुन्हा सामान बेवारस ठेवल्यास कारवाई होईल. सुप्रभाबाईंनी तो श्रीकांतरावांकडून दोनदा वाचून घेतला. मग त्या कागदाला काचेची फ्रेम करून आणली आणि बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याची नजर पहिली जाईल अशा ठिकाणी, टांगली.

मंडळाचं हळदीकुंकू त्या वर्षी त्यांच्याच घरी होतं. बॉयलर चालू झाला होता, बायका कोट काढून बसल्या होत्या. वैजयंतीबाई फ्रेमपाशी थांबल्या. चष्मा लावून वाचलं. मग जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "अगबाई, सुप्रभाताई! ही तर ताकीद आहे हो. असं काही लोक लपवून ठेवतात."

"खाली सही कुणाची आहे ती वाचा," सुप्रभाबाई म्हणाल्या.

वैजयंतीबाईंनी वाचलं. "कॉन्स्टेबल यू. परुळेकर."

"त्याच्या वहीतल्या पहिल्याच पानावर माझं नाव. सोम्यागोम्याला नाही पकडलं हो, चांगल्या घरची बाई निवडलीन त्यानं." सुप्रभाबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, आणि मऊ आवाजात विचारलं, "तुमचा जयंत एवढा मोठा डॉक्टर. कधी स्वतः हात धरून तुमची नाडी बघितलीय त्यानं?"